चाकांचा हिशोब: जुनी घेऊ, की नवीची वाट पाहू?

प्रश्न : नाना, नमस्कार. मी सावद्याचा. केळीची बाग आहे, शिवाय माल दिल्लीकडे पाठवायचा धंदा. २०१७ ची फॉर्च्युनर आहे, दोन लाख चाळीस हजार किलोमीटर झाले, इंजिन अजून उघडलेलं नाही. यंदा कांदेबागाच्या (थंडीच्या तोंडावर लावलेल्या) केळीला भाव बरा लागला म्हणून घरात बीएमडब्ल्यू एक्स५ ठरली, डिझेल. शोरूमवाला म्हणतो, महिनाअखेर घ्या, वर बोलून चांगलं कमी करून देतो. पोरगा म्हणतो, पप्पा, नवीन मॉडेल येतंय, आता घेतली तर वर्षभरात जुनाट दिसेल, लोक हसतील. बायको म्हणते, दोघं गप बसा आणि आधी वरचा स्लॅब टाका. मी गाडी आठ-नऊ वर्षं वापरतो. रोजचं रावेर, फैजपूर, आठवड्यात एकदा बऱ्हाणपूर, महिन्यातून एकदा नाशिक नाहीतर मुंबई. घाई काही नाही, पण मन लागलंय. काय करू?
— एक वाचक, सावदा (ता. रावेर)

उत्तर : भाऊ, तुमच्या घरात सगळ्यात शहाणं कोण, ते पत्रावरूनच कळलं. पण स्लॅबचा प्रश्न मला विचारलेला नाही, म्हणून गाडीचंच बोलतो.

पोरगा खोटं बोलत नाही. पहिली एक्स५ १९९९ ची, मग २००६, मग २०१३, मग २०१८. आत्ता शोरूममध्ये उभी आहे ती २०१८ चीच पिढी, मधे एकदा तोंड बदललेली. दिवे बारीक झाले आणि दोन स्क्रीन एकाच वाकवलेल्या काचेखाली आल्या. म्हणजे तिचं वय झालंय. सप्टेंबर २०२५ मध्ये म्युनिकच्या प्रदर्शनात कंपनीने विजेवर चालणारी आयएक्स३ दाखवली. तिच्यात पुढच्या काचेच्या तळाशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत माहितीची पट्टी उमटते. पुढच्या सगळ्या गाड्यांना हेच देणार, असं कंपनीने सांगून ठेवलंय. पोराच्या मोबाईलमध्ये तीच पट्टी फिरत असणार.

आता 'येतेय' या शब्दाचा हिशोब करा. ही पिढी जगाला दिसली जून २०१८ मध्ये, भारतात आली मे २०१९ मध्ये. अकरा महिने. बदललेलं तोंड दिसलं फेब्रुवारी २०२३ मध्ये, इथे आलं जुलै २०२३ मध्ये. पाच महिने. त्यानंतर बुकिंग, पहिल्या लॉटमध्ये नंबर, हवा तो रंग, आणि एक रुपया सूट नाही. परदेशात पडदा उठल्यापासून तुमच्या अंगणात गाडी लागेपर्यंत वर्ष सहज जाईल. नवीन पिढी जुनीपेक्षा स्वस्त आल्याचं तर मी गॅरेजच्या चौतीस वर्षांत पाहिलं नाही.

पहिल्या लॉटचं दुखणं मी स्वतः भोगलंय. कंपनीचं नाव घेत नाही, गाडीही ही नव्हे. नवीन पिढी निघाली आणि मी हौसेनं पहिल्या महिन्यात उचलली. मे महिना होता, संभाजीनगरहून भुसावळला परतत होतो. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या अलीकडे आलो आणि मधली स्क्रीन काळी पडली. गाणी गेली त्याचं काही नाही, पण एसीची सगळी बटणं त्या स्क्रीनच्या आतच! बाहेर चव्वेचाळीस डिग्री आणि एसी ना कमी होतो ना जास्त, नुसता पायांवर वारा फेकतोय. सौ. पदराने वारा घालत म्हणाली, "यापेक्षा आपली जुनी बरी होती, तिच्या खिटीला हात तरी लागायचा." शोरूममध्ये उत्तर मिळालं, सॉफ्टवेअर येईल. आलं, पाच महिन्यांनी. ज्यांनी तीच गाडी पुढच्या वर्षी घेतली त्यांना यातलं काहीच माहीत नाही. टिश्यूकल्चरची रोपं गावात आली तेव्हा तुम्ही पहिल्याच वर्षी अख्ख्या बागेत लावली होती का? दोन ओळी लावून बघितल्या असतील.

तर माझं मत असं : थांबा, पण नवीसाठी नाही, जुनीसाठीच थांबा.

तुम्हाला घाई नाही, फॉर्च्युनर अजून वर्षभर कुरकुर न करता चालेल. नवी पिढी परदेशात दिसली की इथल्या शोरूमवाल्याची झोप उडते. यार्डात उभ्या असलेल्या जुन्या गाड्या नवी येण्याआधी काढायच्या असतात. तो जो पाच ते अकरा महिन्यांचा मधला काळ आहे ना, तो तुमचा. आज "वर बोलून" मिळतं त्यापेक्षा तेव्हा न बोलता जास्त मिळतं. आठ वर्षांत ज्या गाडीचे सगळे रोग उघडे पडले आणि औषधं सापडली, ती गाडी तुम्हाला उतरल्या भावात पडते. मात्र अगदी शेवटची गाडी घेण्याची हाव धरू नका. शेवटी उरतं ते कुणी न घेतलेलं : विचित्र रंग, नको तो ट्रिम.

यार्डातली गाडी घेताना टायरच्या अंगावर बघा. बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३२५ असेल तर टायर २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यातला. गाडीचा उत्पादनाचा महिना आरसीवर छापून येतो, पण पैसे भरल्यावर तो वाचून उपयोग नाही, आधी लेखी मागा. वर्षभर उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी बदलून द्या, हेही तेव्हाच लिहून घ्या.

नऊ वर्षं वापरणाऱ्याने 'मॉडेल जुनं झालं' याचा धसका घेऊ नये. विम्यातला किमतीचा तक्ता ठरलेला असतो : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के वजा, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, असं पाच वर्षांपर्यंत ५०. नवं मॉडेल आलं म्हणून तो तक्ता बदलत नाही. बाजारात विकायला गेलात तर फरक पडतो, आणि तो पहिल्या दोन-तीन वर्षांत जास्त बोचतो. तीन वर्षांनी गाडी बदलणारा गिऱ्हाईक असता तर मी पोराच्या बाजूने बोललो असतो.

पैशाचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हीवर सरळ ४० टक्के जीएसटी आहे, आधी २८ आणि वर २२ सेस होता. हे सरकारने कमी केलंय. शोरूमवाला ते आपल्या सवलतीत मोजून दाखवत असेल तर चहा पिऊन उठा. डिझेल आणि वीस लाखांच्या वरची गाडी म्हणून आपल्या राज्यात रोड टॅक्स १५ टक्के, पण कंपनीच्या नावावर घेतली तर २०. एका कोटीवर हा फरक पाच लाखांचा, तुमच्या स्लॅबचं बरंचसं लोखंड त्यात येईल. सीएला विचारल्याशिवाय "धंद्यात दाखवू" म्हणून नाव ठरवू नका. आणि दहा लाखांवरच्या गाडीवर शोरूम १ टक्का टीसीएस, म्हणजे तुमच्या नावावर आगाऊ आयकर, वर घेतं. तो जादा कर नव्हे, रिटर्न भरलं की वळता होतो. वडिलांच्या नावावर घ्याल आणि त्यांचं उत्पन्न फक्त शेतीचं, म्हणून रिटर्नच नाही, असं असेल तर तेवढे पैसे विसरले जातात. मी रावेर-यावल भागात हे फार पाहिलंय.

आता जे शोरूममध्ये कुणी सांगणार नाही ते.

तुमच्या फॉर्च्युनरला २६५/६० चे अठरा इंची टायर असतील. रिमपासून रस्त्यापर्यंत जवळजवळ सोळा सेंटिमीटर रबर. एक्स५ एकवीस इंची चाकांवर घेतलीत तर तेच रबर अकरा सेंटिमीटर उरतं. अंगठा सोडून पंजा आडवा धरा, त्याहून थोडं जास्त, बस. बागेच्या बांधावरचा दगड नाहीतर रावेरच्या रस्त्यावरचा पावसाळी खड्डा, यात पाच सेंटिमीटर म्हणजे रिम वाचणं आणि न वाचणं. लहान चाकांचा पर्याय मिळाला तर तोच घ्या, दिसायला कमी वाटला तरी.

दुसरं, ट्रॅक्टरसाठी ठेवलेल्या ड्रममधलं डिझेल हिच्यात ओतायचं नाही. एकदाही नाही, रात्री अडलात तरी नाही. या इंजिनात डिझेल दोन हजार बारच्या वरच्या दाबाने फवारलं जातं, ड्रमच्या तळाचं पाणी आणि गंज तिथे गेला की इंजेक्टरचं बिल बघून तुम्हाला मृगबाग आठवेल. आणि रोज नुसतं सावदा-फैजपूर केलंत तर धुराड्यातला काजळीचा फिल्टर तापत नाही, तुंबतो. बऱ्हाणपूरची फेरी आठवड्यातून एकदा हिच्यानेच करा, सलग आणि थोडी जोरात.

तिसरं, सीटचा रंग. पोरगा पांढरट निवडेल, मला खात्री आहे. कापणीच्या दिवशी शेडवरून उठून कोण गाडीत बसतं? तुम्ही. चीक लागलेला सदरा धुऊन कधी निघालाय का? तसंच ते कातडं. काळी किंवा कॉफी घ्या.

आणि सर्व्हिस. सावद्यापासून सर्व्हिस सेंटर किती किलोमीटर, रात्री बंद पडली तर टो करायला कोण आणि किती वेळात येतं, हे सेल्समनला नाही, सर्व्हिस मॅनेजरला विचारा. फॉर्च्युनरचा क्लच फैजपूरचा पोरगाही उतरवतो. हिचं तसं नाही. म्हणून जमत असेल तर फॉर्च्युनर विकू नका. नऊ वर्षांची, एवढी चाललेली, एक्स्चेंजमध्ये जे देतील ते ऐकून तसाही राग येईल. बागेत जायला ती राहू द्या.

राहिले हसणारे लोक. मार्च २०१६ मध्ये मी जुन्या पिढीची इनोव्हा घेतली. तिची नवी पिढी, क्रिस्टा, फेब्रुवारीतच दिल्लीजवळच्या प्रदर्शनात दिसली होती आणि मेमध्ये विकायला आली. आमच्या आळीत दोन महिने माझी टिंगल झाली, एका मित्राने तर भरीत पार्टीत सगळ्यांसमोर विचारलं, नाना, पेपर वाचत नाही का? तो क्रिस्टासाठी थांबला, किंमत ऐकून आणखी थांबला, आणि त्या दिवाळीला घरच्यांना घेऊन तिरुपतीला गेला तो माझ्याच इनोव्हातून. डिझेल त्याने भरलं, एवढं मात्र खरं.

प्रश्न : वरच्यासारखीच गाडी, पण शोरूमची डेमो कार, अकरा हजार किलोमीटर चाललेली, बरीच स्वस्त देतायत. घ्यावी का?
— एक डॉक्टर, शहादा (जि. नंदुरबार)

उत्तर : डॉक्टरबाई, डेमो गाडीची नोंदणी शोरूमच्या नावावर झालेली असली तर आरसीवर तुम्ही दुसऱ्या मालक, आणि वॉरंटी पहिल्या नोंदणीपासूनच मोजतात. म्हणजे तिची तुलना नव्या गाडीशी नको, वर्षभर जुन्या गाडीशी करा आणि त्यावर भाव पाडा. नवी पिढी तोंडावर असताना डेमो गाडी शोरूमला नकोशीच होते, जोर तुमच्या हातात आहे. बघायला जाल तेव्हा इंजिन गार असताना जा. चाकाच्या जाळीतून बोट घालून ब्रेकच्या डिस्कची बाहेरची कड चाचपा. कडेला उंचवटा लागला तर अकरा हजारांत शंभर जणांनी ब्रेक करकचून दाबलेत, नव्या डिस्क टाकून मागा.