आठ पानांच्या बदल्यात एक कव्हर

प्रिय ताई,

आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. मी आणि नवरा कॉमिक्सची मूळ पानं जमवतो. म्हणजे छापील पुस्तकं नव्हेत, चित्रकाराने स्वतःच्या हाताने काढलेली पानं. आधी हा नाद त्याचा एकट्याचा होता, लग्नानंतर मलाही लागला. आज आमच्याकडे तीसेक पानं आहेत. त्यातलं एक मी निवडलेलं. त्यात ना मुखवटा, ना मारामारी. नायकाची बायको रात्री टेबलापाशी त्याची वाट बघत बसलीय आणि शेवटच्या चौकटीत तो येऊन काही न बोलता समोर बसतो. आमच्या बेडरूममध्ये खिडकीच्या बरोबर समोर ते लावलंय.

नवऱ्याला लहानपणापासून हवं असलेलं एक कव्हर, म्हणजे मुखपृष्ठाचं मूळ चित्र, नुकतंच एका डीलरकडे आलं. आमची आठ पानं द्यायची, वर काही रक्कम हप्त्यांनी, असं त्याने ठरवूनही टाकलं. अ‍ॅडव्हान्स दिला. त्या आठांत माझं पान आहे. हे मला त्याने सांगितलं नाही, टॅबवर यादी उघडी राहिली होती म्हणून कळलं. विचारलं तर म्हणतो, "अगं, आपण अपग्रेड करतोय. असलं पान पुन्हा मिळेल, हे कव्हर नाही मिळणार." सगळे व्यवहार तोच बघतो, मला त्यातलं फारसं कळत नाही. प्रदर्शनाला गेलो की त्याचे मित्र मला विचारतात, "वहिनी, कंटाळलात ना?" पान गुपचूप बहिणीकडे नेऊन ठेवावं असं सारखं मनात येतंय. हा माझा हट्ट आहे का?

— यादीतली आठवी

प्रिय आठवी,

हो, हट्ट आहे. असू दे की. तीस पानांतल्या एका पानासाठीही हट्ट धरायचा नसेल तर जमवायचं तरी कशाला?

पान बहिणीकडे मात्र नेऊ नकोस. त्याने तुझ्या नकळत यादी केली, तू त्याच्या नकळत पान हलवणार, म्हणजे फिटंफाट झाली आणि बोलायचं ते राहूनच गेलं. शिवाय बहिणीच्या कपाटात साड्यांच्या आणि डांबरगोळ्यांच्या शेजारी त्या पानाचं काय होईल ते सांगायला नको.

ज्यांना हा नाद ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते, नाहीतर एवढं काय त्या कागदात, असं वाटेल. अमेरिकन पद्धतीचं कॉमिक्सचं पान साधारण ११ बाय १७ इंचांच्या जाड बोर्डावर काढतात, आणि छापताना ते लहान होतं. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत तर ते याहूनही मोठं असायचं. पेन्सिलचं काम एकाचं, शाईचं बहुधा दुसऱ्याचं. पान दिव्याखाली तिरकं धरून बघितलं की छापील पुस्तकात कधीच न दिसलेल्या गोष्टी दिसायला लागतात. शाईखालून डोकावणारी निळी पेन्सिल. हात चुकला म्हणून पांढरा रंग लावून त्यावरच पुन्हा काढलेला हात. पिवळ्या पडलेल्या गोंदाने चिकटवलेले संवादांचे फुगे, समासात संपादकाने पेन्सिलने खरडलेली सूचना. पुढे अक्षरं कॉम्प्युटरवर यायला लागली तशी बऱ्याच नव्या पानांवरून संवाद गायबच झाले. जुन्या पानांतली माणसं अजून कागदावरच बोलतात. तुझ्या पानात वाट बघणाऱ्या बाईच्या तोंडी काही शब्द आहेत का, की ती गप्पच आहे? पत्रात लिहायला हवं होतंस.

तेव्हा "असलं पान पुन्हा मिळेल" हे तुझ्या नवऱ्याचं म्हणणं मला पटलेलं नाही. मूळ पान एकच असतं. त्या चित्रकाराचं दुसरं पान मिळेल, पण त्यात ती बाई त्या टेबलाशी बसलेली नसेल. अर्थात हीच गोष्ट त्याच्या कव्हरलाही लागू आहे. तेही एकच आहे, आणि आज हातचं गेलं तर पुढची वीस वर्षं कोणाच्या तरी भिंतीवर राहील. तुला तुझं पान वाटतं तसंच त्याला ते कव्हर वाटत असणार, एवढं त्याच्या बाजूने धर.

त्याने केलं ते या छंदात कोणी जगावेगळं म्हणणार नाही. कमी किमतीची पानं देऊन भारी घ्यायचं, डीलरला हप्त्याने पैसे फेडायचे, हे सर्रास चालतं. आकडेही माणसाला भुलवतात. 'सिक्रेट वॉर्स' या अमेरिकन कॉमिक्स मालिकेच्या आठव्या अंकातलं चित्रकार माइक झेक यांचं एकच पान, ज्यात स्पायडरमॅनच्या अंगावर पहिल्यांदा काळा पोशाख येतो, २०२२च्या जानेवारीत लिलावात ३३ लाख ६० हजार डॉलरला गेलं. असं काही वाचलं की पोर्टफोलिओतली, म्हणजे पानं ठेवायच्या मोठ्या फायलीतली, तीस पानं माणसाला एकदम किरकोळ वाटायला लागतात. पण हिशोबच करायचा तर नीट करू या. अदलाबदलीत डीलर तुमच्या पानांना बाजारातला पूर्ण भाव देत नसतो. ती पुढे विकून त्यालाही काही सुटायला हवं. आठ पानं गेली की आठ चित्रकारांत वाटली गेलेली किंमत एकाच चित्रकाराच्या नावावर जाऊन बसते. आणि चित्रकारांची चलती पिढीबरोबर बदलते. लहानपणी ज्याच्यावर जीव टाकला त्याच्यासाठी आपण चाळिशीत पैसे मोजतो, आपल्या मागून येणारे मोजतीलच असं नाही. कव्हर घेऊ नका असं मी म्हणत नाही. फक्त त्याला गुंतवणूक म्हणायचं सोडून द्या.

आता तू न विचारलेला एक प्रश्न. तुझं पान त्या यादीत घातलं कोणी? बाजारात भाव असतो तो पोशाखातल्या नायकाला, मारामारीला, पहिल्यांदा आलेल्या पात्राला आणि कव्हरला. टेबलापाशी शांत बसलेल्या बाईला सहसा कोणी विचारत नाही. तरीही डीलरने ते पान स्वतःहून मागितलं असेल, तर तुझी नजर तुमच्या घरात कोणी समजतं त्यापेक्षा चांगली आहे. आणि यादी पुरी करायला ते नवऱ्याने घातलं असेल, तर ते घालताना त्याच्या मनात काय होतं ते त्याला बसवून विचार. कदाचित उत्तर साधंच असेल. तुझ्या पानाचं 'तुझं' असणं कधी कोणी बोलून दाखवलेलंच नसेल.

इथे तुझ्याही पदरात थोडं माप घालते. "सगळे व्यवहार तोच बघतो, मला त्यातलं फारसं कळत नाही." हे तू तक्रार म्हणून लिहिलंस की सवलत म्हणून? नऊ वर्षं पानं हाताळणाऱ्या बाईला पान कोणाकडून आलं, केवढ्याला आलं, त्याची पावती कुठल्या फायलीत आहे हे कळू नये? ते "कंटाळलात ना" म्हणणारे मित्र आगाऊ आहेत हे खरंच. पण पुढच्या वेळी नवऱ्याची पिशवी सांभाळत उभी राहू नकोस. टेबलावरचा पोर्टफोलिओ पुढे ओढ आणि स्वतः पानं चाळायला लाग. एखाद्या पानाचा भाव विचार, घासाघीस कर. वहिनी कंटाळल्या आहेत की नाहीत ते त्यांना आपोआप कळेल.

जोडीने जमवणं म्हटलं की मला हर्बर्ट आणि डोरोथी व्होगेल आठवतात. तो न्यूयॉर्कच्या टपाल खात्यात कारकून, ती ग्रंथपाल. तिच्या पगारावर घर चालायचं आणि त्याच्या पगारातून चित्रं यायची. परवडायला हवं आणि एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये मावायला हवं, या अटींत बसेल तेच घ्यायचं. त्यांचा प्रांत कॉमिक्सचा नव्हता, समकालीन कलेचा होता. पण त्या फ्लॅटमध्ये मांजरं, कासवं आणि हजारो कलाकृती एकत्र नांदल्या, आणि १९९२ मध्ये त्यांनी आपला संग्रह वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टकडे सोपवायचं ठरवलं. त्यांनी चित्रं विकून पैसा केला नाही. तुम्ही तसंच वागा असं मी म्हणणार नाही. पलंगाखाली, कपाटामागे चित्रंच चित्रं, हे सगळ्यांना झेपत नाही, मला तर मुळीच झेपणार नाही. पण कुठला पैसा कुठे जातो हे त्या घरात दोघांनाही ठाऊक होतं. तुमच्याकडे ते एकालाच ठाऊक आहे.

म्हणून आजच बोल. "तू मला फसवलंस" इथून सुरू करू नकोस, तो लगेच वकिली करायला लागेल. सरळ सांग, "कव्हर तुला किती हवंय ते मला कळतंय. माझं पान मात्र द्यायचं नाही. उरलेल्या सातांचं आपण बोलू." एवढंच बोलून थांब. तो बाजारभाव सांगायला लागला तर ऐकून घे आणि पुन्हा तेच वाक्य म्हण.

मग दोघांनी मिळून डीलरला फोन करायचा, आणि प्रश्न तू विचारायचे. एक पान बदललं तर त्याऐवजी दुसरं चालेल का, की तेवढी रक्कम वाढवायची? सौदा मोडला तर अ‍ॅडव्हान्सचं काय, आणि ते लेखी मिळेल का? हप्ते संपेपर्यंत कव्हर सहसा डीलरकडेच राहतं. मग आपली पानं त्याच्या ताब्यात कधी जाणार, पहिल्याच दिवशी की शेवटच्या हप्त्याबरोबर? हा प्रश्न विसरू नकोस. पानं तिकडे आणि कव्हरही तिकडेच, अशा अवस्थेत सहा महिने घोर लावून बसायची काही गरज नाही.

कव्हरबद्दलही खोदून विचार, कारण हौसेच्या भरात तुझ्या नवऱ्याने विचारलं असेलच याची मला खात्री नाही. छापलं गेलं तेच हे कव्हर आहे, की चित्रकाराने नंतर कोणाच्या सांगण्यावरून पुन्हा काढून दिलेलं? पेन्सिल आणि शाई एकाच बोर्डावर आहे ना? हल्ली पेन्सिलचं चित्र स्कॅन करून पाठवतात आणि शाईवाला त्याच्या फिक्या निळ्या प्रिंटवर काम करतो. अशा वेळी एका चित्राचे दोन मूळ कागद तयार होतात आणि तुमच्या हाती त्यातला एकच येतो. वरचं मासिकाचं नाव मूळचं आहे की नंतर चिकटवलेलं? आणि कव्हर जुनं असेल तर ते कोणाकोणाच्या हातून आलं? एके काळी प्रकाशक मूळ पानं चित्रकारांना परतच देत नसत. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी ती परत द्यायची प्रथा १९७०च्या दशकात सुरू केली. नावाजलेले चित्रकार जॅक कर्बी यांना तर त्यांची पानं मिळवायला मार्व्हल या कॉमिक्स कंपनीशी झगडावं लागलं. १९८७ मध्ये दोनेक हजार पानं परत आली, काढलेली मात्र त्याच्या कितीतरी पट होती. अशी कोणाकोणाची किती पानं मधल्या काळात फाडली गेली, वाटली गेली, चोरीला गेली, त्याचा हिशोब लागत नाही. म्हणून जुन्या वस्तूची वंशावळ विचारण्यात संकोच नको. चांगला डीलर रागावत नाही.

हे निस्तरलं की एखाद्या सुट्टीच्या दिवशी सगळी पानं पलंगावर मांडा. जे काही झालं तरी द्यायचं नाही, ते ज्याने त्याने उचलून आपल्या बाजूला ठेवायचं. किती उचलायची ते आधी ठरवा, नाहीतर तो वीस उचलेल. समोरच्याला कारण विचारायचं नाही. उरलेली पानं सामाईक, ती दोघांच्या होकाराशिवाय हलणार नाहीत. त्याच बैठकीत प्रत्येक पानाचा फोटो, किंमत आणि कोणाकडून घेतलं ते एका वहीत लिहून काढा. नाहीतर एखाद्या दिवशी तो नसताना तुलाच हे सगळं विकावं लागलं, तर पहिल्या भेटलेल्या माणसाने सांगितलेल्या भावात देऊन टाकशील. विमाही बघा. नेहमीच्या घरविम्यात असा संग्रह धरलेला असेलच असं नाही.

आणि एक राहिलंच. ते पान खिडकीच्या बरोबर समोर लावलंय म्हणतेस. काळी चिनी शाई काजळीची असते, ती टिकते. पण कागद उन्हाने पिवळा पडतो, आणि चित्रकाराने काळे भाग मार्करने भरले असतील तर ते हळूहळू तपकिरी होऊन विटतात. अतिनील किरणं अडवणारी काच आणि आम्ल नसलेला माउंट, म्हणजे फ्रेममधला पुठ्ठा, वापरून फ्रेम पुन्हा करून घे, आणि आतल्या भिंतीवर हलव. तो खर्च सामाईक खात्यातून कर.

आता समजा डीलर म्हणाला की आठच्या आठ पानं हवीत, नाहीतर सौदा रद्द. मग नवऱ्यापुढे सरळ प्रश्न ठेव, दुसरं कुठलं पान द्यायचं आणि वरची रक्कम किती वाढवायची. तरीही जमलं नाही तर अ‍ॅडव्हान्स जाईल, तो थोडे दिवस धुमसेल, तूही धुमसशील. ते कव्हर त्यानंतर पुन्हा कधी विकायला आलंच, तर पहिला फोन तू कर.

— ताई