दुखऱ्या हाताने झाडीपट्टीचा हंगाम

बाबू, तू ऑर्गनवाला; अंगठ्याच्या मुळाशी दुखते आणि डॉक्टरांनी डी क्वेरवेन सांगितलं, तर तेल चोळत बसू नको. मनगटाजवळ अंगठ्याच्या कंडरा ज्या आवरणातून सरकतात, ते जाड होऊन त्यांना अडवते. त्याला आधी आराम आणि अंगठा-मनगटाला बांधायचा पट्टा लागतो.

झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांचा, हंगाम पूर्ण सोड असं मी म्हणणार नाही, पोट त्यावरच आहे. पण भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, लागली की नाटक कंपन्यांच्या वडशाहून फोनावर फोन येतात, तेव्हा लागोपाठच्या रात्री घेऊ नको. कंपनीवाल्याला आधीच सांग. ऐन वेळी सांगणाऱ्या ऑर्गनवाल्याला पुढच्या वर्षी कोणी विचारत नाही.

वाजवताना खरा त्रास सप्तक ताणण्याचा. खालच्या सा वर अंगठा रोवून वरचा सा गाठायचा मोह टाळ. खालचा स्वर डाव्या हाताला दे, नाहीतर सोडून दे. क्लॅरनेट आणि तबला चालू असताना प्रेक्षकाला तो कमी झालेला कळतही नाही. गद्य प्रवेशात पट्टा बांधून हात शालीत ठेव. पहाटेच्या थंडीत गार बोटांनी एकदम द्रुत गाण्यावर जाऊ नको.

गोळी खाऊन बसशील तर हात कुठे ताणला तेच कळणार नाही. सकाळी चहाचा कप उचलून बघ: कालपेक्षा जास्त कळ आली तर आजची तारीख दुसऱ्याला दे.

आणि ऑर्गन गाडीत चढवायला पोरं आहेत. धानाच्या कापणीत विळाही यंदा हाती घेऊ नको, घरचे कितीही बोलोत.