धोमचं पाणी: कुंड, पुष्करणी की तीर्थ?

प्रश्न असा: वाईजवळ धोमला महादेवाच्या देवळापुढे नंदी ज्या पाण्यात बसलाय, त्याला कुणी कुंड म्हणतं, कुणी पुष्करणी, कुणी तीर्थ. बरोबर काय? आणि तीर्थ आंघोळीचं असेल, तर पूजेनंतर आपण ते पितो कसं?

कुंड हा शब्द आकार सांगतो. मुळात भांडं किंवा खोलगट खड्डा. होमाचं कुंड आणि झाडाची कुंडी त्याच घरातली. जुन्या महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पडणारं पाणी बांधीव कडेत साठतं, ते कुंड. संस्कृत पुष्करिणी म्हणजे कमळांचं तळं. बोलताना तिचा इकार गळतो, त्याला अशुद्ध कशाला म्हणायचं? धोमला तर कमळ दगडातच आहे: काठ पाकळ्यांचा, मध्ये कासव, त्याच्या पाठीवर नंदी. पाणी भरलं की कासव तरंगल्यासारखं दिसतं. तिथं मी पुष्करणीच म्हणेन.

तीर्थ मात्र मुळात पाण्याचं नावच नव्हे. शब्द आला संस्कृत 'तॄ' धातूवरून, 'तॄ' म्हणजे तरून जाणं. तीर्थ म्हणजे उतार, पाण्यात पाय घालायची जागा. साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर घाटाच्या पायऱ्या उतरतात, ते खरं तीर्थ. पुढे जागेचं नाव पाण्याला लागलं आणि देवाच्या स्नानाचं पाणीही तीर्थ झालं. जुना अर्थ तळहातावर अजून शाबूत आहे. अंगठ्याच्या मुळाशी ब्रह्मतीर्थ, अंगठा-तर्जनीच्या मध्ये पितृतीर्थ, बोटांच्या टोकांना देवतीर्थ, करंगळीच्या मुळाशी प्राजापत्य. म्हणजे पाण्याचे उतारच! आचमन ब्रह्मतीर्थावरून, उडीद बुडेल एवढ्याच पाण्याचं. पितरांचं तर्पण अंगठा-तर्जनीच्या मधून. चुकून बोटांच्या टोकांवरून सोडलंत, तर ते देवांच्या वाट्याला जातं. भटजी अडवतात ते इथंच.

आंघोळीच्या बाबतीत याज्ञवल्क्यस्मृतीत, म्हणजे धर्मशास्त्राच्या एका जुन्या ग्रंथात, एक सुरेख शब्द आहे, 'परवारि', म्हणजे दुसऱ्याचं पाणी. कुणी खणलेल्या तळ्यात उतरायचं, तर आधी तळाच्या चिखलाचे पाच गोळे काढून बाहेर टाकायचे, मगच बुडी. वाहत्या पाण्याअभावी असं तळं गाळानं भरतं, तेव्हा नियम किती व्यवहारी ते कळेल. नदी, झरा आणि 'देवखात', म्हणजे माणसानं न खणलेलं पाणी, यांना ही अट नाही. त्यांना मालकच नसतो.