वासोटा आणि नागेश्वर एका दिवसात?

प्रश्न : जानेवारीतल्या एका रविवारी पुण्याहून पहाटे निघून वासोटा किल्ला आणि नागेश्वरची गुहा दोन्ही करायचा विचार आहे. आम्ही दोघं पन्नाशी ओलांडलेले, बरोबर मुलगा आणि त्याचे मित्र. पोरांचं म्हणणं, रात्री गडावरच तंबू ठोकू. जमेल का? आणि वाघाची भीती कितपत?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : तंबूचं आधी मिटवून टाकू. वासोटा कोयना अभयारण्यात येतो आणि २०१० पासून हा सगळा भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. मुक्कामाला परवानगी नाही, अंधाराच्या आत खाली यायचं म्हणजे यायचंच. पोरांना तंबू ठोकायचाच असेल तर अलीकडच्या तीरावर, शिवसागर म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या काठी. तिथे हल्ली तशी सोय करून देणारे बरेच झालेत.

आता वेळेचं गणित. वासोट्याला तुमच्या पायांपेक्षा लाँच महत्त्वाची. जलाशयाच्या अलीकडच्या काठावरच्या बामणोली गावाहून पलीकडे पोचायला दीडेक तास, परतताना तेवढाच. पुण्याहून सकाळी येणारा माणूस घाट, कास, नाश्ता करत बामणोलीला टेकतो तोवर उन्हं वर आलेली असतात. त्यात रविवार, म्हणजे परवान्याला आणि लाँचला रांग. मग चढ घाईत, उतार त्याहून घाईत, आणि पन्नाशीतले गुडघे उतारावरच बोलतात. म्हणून आदल्या संध्याकाळी बामणोलीत मुक्काम करा आणि सकाळची पहिली लाँच पकडा. रविवारऐवजी मधला वार मिळाला तर सोन्याहून पिवळं.

पलीकडे गडाच्या पायथ्याशी मेट इंदवलीला उतरलात की वनखात्याची चौकी. तिथे सॅका उघडतात. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, वेफर्सची पाकिटं, जे जे प्लॅस्टिक असेल ते मोजून लिहून घेतात, अनामत ठेवतात आणि परतताना पुन्हा मोजतात. लोक तिथे वैतागून हुज्जत घालतात. मला मात्र हा प्रकार मनापासून आवडतो. इतर गडांवर हे झालं असतं तर! तुम्ही घरूनच स्टीलच्या डब्यात पोळीभाजी न्या, अर्धं काम वाचेल.

वाट ठळक आहे, बहुतेक गर्द सावलीतून. चढायला दोन-अडीच तास धरा. वर बिनछपराचं मारुतीचं देऊळ, पाण्याची टाकी, आणि पुढे बाबूकडा. तो नालेच्या आकाराचा कडा बघायला निवांत वेळ ठेवा. समोरचा जुना वासोटा हा डोंगर नुसता पाहायचा, तिकडे जायला बंदी आहे. १८१८ मध्ये इंग्रजांनी तिथेच तोफा चढवून हा किल्ला घेतला.

नागेश्वर सोडा. गुहा सुंदर आहे, पण वाट लांब, आणि त्यापायी बाबूकड्यावर पाच मिनिटं उभं राहून पळावं लागणार. पोरं हट्टाला पेटली तरी गट फोडू नका, लाँच सगळ्यांची एकच असते.

वाघाची काळजी नको, तो सहसा दिसत नाही. गवा आणि अस्वल मात्र आहेत. गवा वाटेत उभा असला तर थांबा, त्याला जाऊ द्या. फोटोसाठी पुढे सरकू नका. झाडांत शेकरू दिसण्याची शक्यता जास्त, अर्थात पोरांनी स्पीकर घरी ठेवला तर. जळवांचा त्रास पावसाळा सरल्या सरल्या असतो, जानेवारीत नाही.

लाँचमध्ये लाइफ जॅकेट मागून घ्या, आणि निघण्याआधीच बामणोलीत रात्रीच्या जेवणाचं सांगून ठेवा.