घरात कोणी आवाज चढवत नाही, मग हा कुठून शिकला?

"मॅडम, आमच्याकडे कोणी कोणावर ओरडत नाही हो. मग हा आजीवर हात कसा उगारतो?"

इंदूरच्या लोकमान्य नगरातली आई, मुलगा साडेचार वर्षांचा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) संशयितांची यादी ती घेऊनच आली होती: कार्टून, शाळेतली पोरं, खालच्या मजल्यावरचा दांडगोबा. अशा याद्या मी रोज ऐकते. घरातलं नाव त्यात क्वचितच असतं.

मी मुलासमोर भातुकली मांडली. त्यानं मला 'आजी' केलं. मग एक लाकडी ठोकळा कान आणि खांद्यात दाबून धरला, माझ्याकडे न बघताच टेबलावर दोनदा थाप मारली आणि 'फोनवर' बोलत राहिला. मी हलले नाही. पुन्हा थाप, जरा जोरात. तरी मी बसूनच. तेव्हा त्यानं हात उगारला. "चहा!"

आई खाली बघत म्हणाली, "थाप तर अगदी ह्यांचीच."

बाबा संध्याकाळी फोनवर बोलतच घरात शिरायचे, टेबलावर थाप मारायचे आणि आजी गॅसकडे वळायच्या. शिवी नाही, आरडाओरडा नाही, म्हणून कोणाला खटकलंही नव्हतं. नातवानं मात्र अचूक टिपलं होतं: थाप मारली की आजी उठते. त्याच्या थापेला आजी उठेनात, म्हणून पुढची पायरी त्यानं स्वतःच शोधली.

१९६१ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या ७२ मुलांवर एक प्रयोग केला. मोठ्या माणसानं हवा भरलेल्या बाहुलीला बडवताना ज्यांनी पाहिलं, त्यांतल्या अनेकांनी नंतर तसंच बडवलं, शब्दही तेच वापरले. मला मात्र बांडुरांचाच १९६५ चा प्रयोग जास्त उपयोगी पडतो. फिल्ममध्ये बडवणाऱ्याला शिक्षा झालेली पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. पण 'करून दाखव, बक्षीस देते' म्हटल्यावर त्यांनीही बरंचसं करून दाखवलं. म्हणजे शिकून सगळी बसली होती. शाळेतून या मुलाची एकही तक्रार नव्हती, म्हणून आईला तो 'नाटकं करतो' असं वाटायचं. नाटक कसलं? शाळेत थापेला कोणी उठत नाही, एवढंच.

बाबांना बोलावलं. "मी आईला कधी दुखावलं नाही," ते म्हणाले. खरंच होतं ते. मुलाला एकही उपदेश करायचा नाही, असं मी सांगितलं. घरात येण्याआधी फोन संपवायचा, स्वयंपाकघरात जाऊन आजींना चहाचं विचारायचं, पोराला दिसेल असं. मुलाच्या थापेला कोणी उठायचं नाही. त्यानं नीट मागितलं की लगेच द्यायचं. हात उगारलाच तर तो धरून "मारायचं नाही" एवढंच म्हणायचं. (मारू नकोस म्हणत चापट देणारे पालक पाहिले की मला हसावं की रडावं कळत नाही.) पहिल्या आठवड्यात थापा वाढल्या. वाढणार, हे आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून घरचे डगमगले नाहीत.

दोनेक महिन्यांनी आजीच भेटायला आल्या. आता रविवारी बापलेक दोघंही ओट्याशी उभे असतात म्हणाल्या. नातू पोह्यांवर जिरावन (इंदुरी मसाला) भुरभुरतो, तेही बाबांसारखंच, हात जरा सैल सोडून.