पेलेट स्मोकर: स्क्रीन लागते, पण आग लागत नाही

मेमोरियल डे जवळ आला की मागच्या अंगणातली कव्हरं निघतात आणि तक्रारीही. या वेळच्या पत्रांत एक गोष्ट सारखी दिसली: पार्ट आधी मागवलेला, तपासणी नंतर. त्यातही निम्म्या जणांनी थेट कंट्रोलरच, म्हणजे सगळं चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्डच, मागवलाय. तो सगळ्यांत महाग, आणि माझ्या अनुभवात दोष त्याचा क्वचितच असतो. असो. पेलेट स्मोकरमध्ये हॉपरमधून, म्हणजे साठवणीच्या डब्यातून, लाकडी पेलेट फायर पॉटमध्ये, म्हणजे आग पेटते त्या वाटीत, पडतात आणि त्यांच्या आगीवर-धुरावर जेवण शिजतं. आता एकेक प्रश्न घेऊ.

हिवाळाभर स्मोकर कव्हरखाली बाहेरच होता. आता चालू केला तर स्क्रीन लागते, पंखा वाजतो, पण फायर पॉटमध्ये एकही पेलेट पडत नाही. हॉपरच्या खालून नुसता ‘घूं’ आवाज येतो. मोटर गेली का? (एडिसन, न्यू जर्सी)

बहुतेक नाही. आवाज येतोय म्हणजे मोटरपर्यंत वीज पोचतेय. अडकलाय तो ऑगर, म्हणजे हॉपरमधून पेलेट पुढे ढकलणारा लांब स्क्रू. पेलेट म्हणजे दाबून घट्ट केलेला लाकडाचा भुसा. लाकडातलंच लिग्निन उष्णतेनं मऊ होऊन त्याला धरून ठेवतं. ओल लागली की ही पकड सुटते, पेलेट फुगतो, त्याचा परत भुसा होतो, आणि ऑगरच्या नळीत तो वाळला की सिमेंटसारखा बसतो. कव्हरनं पाऊस अडतो, दमट हवा अडत नाही.

खात्री अशी करा. प्लग काढून हॉपरखालचा पत्रा उघडा, मग प्लग लावून, हात लांब ठेवून फक्त बघा. साध्या एसी मोटरच्या मागे एक छोटा पंखा असतो. तो फिरतोय पण ऑगरचा दांडा जागचा हलत नाही, तर दोघांना जोडणारी शिअर पिन तुटली आहे. पंखा नुसता थरथरतोय आणि दांडाही अडकलाय, तर ऑगर जाम आहे. पंखा मेल्यासारखा गप्प, आवाजही नाही, तरच मोटरवर किंवा तिच्या वायरीवर संशय घ्या. पिन काढून मोटर एकटी चालवून बघितली की उरलीसुरली शंकाही फिटते. पिन काढण्याआधी प्लग पुन्हा काढायचा, हे सांगायला नको.

जाम सोडवायला हॉपर व्हॅक्यूमनं रिकामा करा. फायर पॉटच्या बाजूनं लांब स्क्रूड्रायव्हरनं जमेल तेवढा भुसा टोकरून काढा. मोटर बाजूला केली की दांड्याचं टोक मोकळं होतं. ते पाइप रेंचनं धरून पुढे-मागे, पुढे-मागे हलवा. एकाच दिशेनं जोर लावला तर दांडा पिळतो. थोडा सुटला की बुशचा, म्हणजे दांड्याला आधार देणाऱ्या कड्याचा, स्क्रू काढून अख्खा ऑगर मोटरच्या बाजूनं ओढून घ्या. पाणी ओतू नका, भुसा आणखी फुगेल. गंज सोडवायचा स्प्रेही नको, त्याच वाटेनं तुमच्या जेवणाला धूर देणारे पेलेट जाणार आहेत.

आणि तुटलेल्या पिनच्या जागी ‘जरा मजबूत’ म्हणून पोलादी बोल्ट घालू नका. पिन तुटण्यासाठीच असते. ती तुटली नाही तर गिअरबॉक्सचे दात तुटतात.

यापुढे सीझन संपला की हॉपर रिकामा करा, ऑगरमधले पेलेट जळून संपेपर्यंत स्मोकर चालू ठेवा, उरलेले पेलेट घट्ट झाकणाच्या बादलीत ठेवा. वापरण्याआधी एक मोडून बघायचा. चांगला पेलेट कडकन तुटतो, ओल खाल्लेला बोटांत चुरतो.

चालू केला की दोन-तीन मिनिटांत बाहेरचा जीएफसीआय प्लग ट्रिप होतो. इलेक्ट्रिशियन म्हणतो प्लग ठीक आहे. (डॅलस)

इलेक्ट्रिशियन बरोबर आहे. जीएफसीआय म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा सुरक्षा प्लग. संशयित नंबर एक हॉट रॉड, म्हणजे पेलेट पेटवणारी कांडी. तिच्यात तापणारी तार आणि बाहेरची धातूची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड असते, आणि ही पूड हवेतली ओल शोषते. मग थोडासा करंट नळीतून अर्थिंगकडे गळतो. जीएफसीआय जेमतेम ५ मिलिअँपिअर गळतीलाच ट्रिप होतो, आणि ते त्याचं कामच आहे. त्याला वळसा घालून साध्या प्लगला स्मोकर जोडू नका.

प्लग काढा, कंट्रोलरच्या मागून हॉट रॉडच्या दोन वायरी सोडवा, टोकांना टेप लावा आणि पुन्हा चालू करा. आता ट्रिप झाला नाही तर दोषी सापडला. मल्टीमीटर असेल तर त्या दोन वायरींमधला रोध मोजा. १२० व्होल्टवर २०० वॉटचा रॉड साधारण ७२ ओम दाखवतो. मीटर अनंत दाखवत असेल तर आतली तार तुटली. वायर आणि बाहेरची नळी यांच्यात मात्र काहीच दाखवता कामा नये.

नवा रॉड येईपर्यंत काम अडत नाही. वायरी सुट्याच ठेवा, झाकण उघडं ठेवून फायर पॉटमध्ये मूठभर पेलेट आणि थोडं फायर स्टार्टर जेल टाका, लांब लायटरनं पेटवा. ज्वाळा नीट धरली की जाळी-ट्रे जागेवर ठेवून स्मोकर नेहमीसारखा चालू करा. पेटत्या किंवा धुमसत्या आगीवर जेल परत ओतायचं नाही.

नवा रॉड कंपनीचाच हवा का, असंही विचारलंय. गरज नाही. या यंत्राचं पेटंट ओरेगनमधल्या माउंट एंजलच्या जो ट्रेगर यांनी १९८६ मध्ये घेतलं. ते २००६ मध्ये संपल्यावर इतर कंपन्या याच रचनेवर स्मोकर बनवू लागल्या. त्यामुळे रॉड आणि ऑगर मोटर बऱ्याचदा एकाचे दुसऱ्याला बसतात. व्होल्ट, वॉट, जाडी, लांबी आणि कनेक्टर जुळवून घ्या. बसवताना रॉडचं टोक फायर पॉटमध्ये अगदी थोडंसं पुढे राहील असं बघा. फार आत शिरलं तर रॉड लवकर जळतो, मागे राहिलं तर पेलेट पेटायला वेळ लागतो.

स्क्रीनवर २२५ अंश फॅरनहाइट दिसतं, पण चिकन शिजतच नाही. कंट्रोलर बदलू? (डेन्व्हर)

थांबा. आधी आतला टेंपरेचर प्रोब पुसा. भिंतीवरची ती बारीक दांडी काजळी आणि ग्रीसनं माखली की उशिरा आणि चुकीचं वाचते. गरम पाणी, साबण आणि जुना टूथब्रश पुरे.

तरी फरक पडला नाही तर प्रोब काढून मोजा. बऱ्याच मॉडेलमध्ये पीटी-१००० जातीचा, म्हणजे तापमानाबरोबर रोध बदलणारा, प्रोब असतो. बर्फ घातलेल्या पाण्यात तो १००० ओम दाखवतो आणि १०० अंश सेल्सिअसला १३८५. तुमच्याकडे मात्र पाणी ९५ अंशांनाच उकळतं, तेव्हा उकळत्या पाण्यात १३६६ च्या आसपास आला तर प्रोब निर्दोष. (समुद्रसपाटीचा आकडा धरून डेन्व्हरला चांगले प्रोब फेकून दिलेले मला ठाऊक आहेत.) मॅन्युअलमध्ये थर्मोकपल (वेगळ्या जातीचा प्रोब) लिहिलं असेल तर हे आकडे लागू नाहीत. प्रोब ठीक, वायर ठीक, कनेक्टर घट्ट, एवढं झाल्यावरच कंट्रोलरचा विचार करा.

२२५ लावल्यावर आकडा २१० ते २४० मध्ये हिंदकळणं मात्र नॉर्मल आहे. ऑगर थांबून थांबून पेलेट टाकतो, म्हणून ते होतं. झाकणावरच्या गोल काट्यावर विश्वास ठेवू नका. जाळीवर मांसाशेजारी वेगळा प्रोब ठेवा.

काल आग मध्येच विझली. परत चालू केला तर पांढरा दाट धूर आला आणि ‘धडाम्’ करून झाकण उडालं. असं का? (अटलांटा)

हा प्रश्न सगळ्यांनी वाचा.

आग विझली तरी कंट्रोलरला ते लगेच कळत नाही. त्याला एवढंच दिसतं की तापमान उतरतंय, म्हणून तो आणखी पेलेट टाकत राहतो. फायर पॉट काठोकाठ भरतो. तुम्ही पुन्हा चालू केलं की हॉट रॉड तो ढीग खालून धुमसवतो. तो पांढरा-पिवळट धूर म्हणजे न जळलेला ज्वालाग्राही वायू. तो झाकणाखाली साठतो आणि ज्वाळा धरली की एकदम भडकतो.

म्हणून आग विझल्यावर नुसतं बटण दाबायचं नाही. प्लग काढा, पूर्ण गार होऊ द्या, जाळी आणि ट्रे काढा, पॉट रिकामा करा, मगच चालू करा. दाट धूर निघायलाच लागला असेल तर झाकणाशी वाकू नका, मुलांना लांब न्या, वीज तोडा आणि सगळं शांत होईपर्यंत झाकणाला हात लावू नका.

आता विझली का? पहिलं कारण राख. पॉटच्या भोकांतून हवा येते. ती राखेनं बुजली की आग गुदमरते. दुसरं, हॉपरमध्ये मधोमध पोकळी होते: कडेचे पेलेट जागेवर आणि ऑगरवर काही नाही. अधूनमधून हलवा. तिसरं, पॉटला हवा पुरवणारा फॅन. प्लग काढून पातं बोटानं फिरवा. ते मोकळं फिरत राहिलं पाहिजे. किर्र आवाज आला किंवा अडखळलं तर बेअरिंग गेलं, फॅन बदला. तो स्वस्त असतो.

पेलेटच्या दर दोन-तीन पिशव्यांमागे राख काढा, पण स्वयंपाकाच्या दुसऱ्या दिवशी. राखेतला निखारा व्हॅक्यूमच्या पिशवीत जिवंत होतो. आणि स्मोकर भिंतीवरचा प्लग ओढून बंद करू नका. शटडाउनमध्ये फॅन काही मिनिटं चालून पॉटमधले पेलेट जाळून टाकतो. तसं न केल्यास आग ऑगरवाटे हॉपरकडे सरकू शकते.

झाकणाच्या आतून काळे पापुद्रे जेवणावर पडतात. पेंट विषारी आहे का? शिवाय फायर पॉटला भोक पडलंय. (फ्रीमाँट)

झाकणाच्या आतले पापुद्रे बहुधा पेंटचे नसतात, ती जळून कडक झालेली ग्रीस आणि काजळी असते. प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा. तारेचा ब्रश नको, त्याचे काटे जेवणात जातात. पॉट मात्र बदलाच. भोकातून हवा भलतीकडून शिरते आणि तापमान सैरभैर होतं. स्टेनलेसचा घ्या. गंजलेले बोल्ट तुटलेच तर तुटू द्या, नवेही स्टेनलेसचेच लावा.

आम्ही पुण्याला परत जातोय. स्मोकर कंटेनरमध्ये टाकू का? (सिएटल)

मॉडेलच्या लेबलवर काय लिहिलंय त्यावर आहे. १२० व्होल्टचा हॉट रॉड २३० ला जोडला तर जवळपास पावणेचार पट पॉवर खेचेल आणि लगेच जळेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरनं व्होल्टेजचा प्रश्न सुटतो, पण फ्रीक्वेन्सी ६० ऐवजी ५० हर्ट्झच राहते. एसी ऑगर मोटर त्यामुळे हळू फिरते, पेलेट कमी पडतात, जास्त तापमान गाठता येत नाही. लेबलवर १००-२४० व्होल्ट आणि आत डीसी मोटर असेल तर ही कटकट नाही.

खरी अडचण पेलेटची. तिकडे बॉयलरसाठी बायोमास पेलेट सहज मिळतात, पण त्यांत शेंगांची टरफलं, शेतातला कचरा, कसला कसला भुसा असतो. ते स्वयंपाकाला अजिबात नकोत. खाण्याजोगे पेलेट नियमित कुठून मिळतील याची सोय आधी लावा. ती लागत नसेल तर स्मोकर इथेच विका. वांग्याचं भरीत तसंही गॅसवर किंवा निखाऱ्यावरच बरं होतं, स्मोकरमध्ये धुराचा वास लागतो पण साल करपत नाही. न्यायचाच ठरला तर एक जास्तीचा हॉट रॉड, मूठभर शिअर पिना आणि एक फॅन सामानात टाका.