अमेरिकन गायिका एला फिट्झगेराल्डची जॅझ स्टँडर्ड्स (जॅझमध्ये पुन्हा पुन्हा गायली जाणारी गाजलेली गाणी) ऐकायची आहेत, सुरुवात कुठून करू?

१९५६ च्या कोल पोर्टर साँगबुकपासून करा, म्हणजे संगीतकार कोल पोर्टरच्या गाण्यांच्या अल्बमपासून. थेट स्कॅटवर, म्हणजे शब्दांऐवजी निरर्थक अक्षरांनी केलेल्या उत्स्फूर्त गाण्यावर, उडी मारू नका. मूळ चाल कानात नसेल तर तो नुसता गोंधळ वाटतो.

पहिलं गाणं घ्या ‘एव्ह्‌री टाइम वी से गुडबाय’. त्यात ‘फ्रॉम मेजर टू मायनर’ हे शब्द येतात, तिथेच खालचा कॉर्डही (एकत्र वाजणारे स्वर) मेजरचा मायनर होतो, म्हणजे त्याचा तिसरा स्वर अर्ध्या स्वराने उतरतो. एला तिथे शब्द सरळ ठेवते. म्हणूनच ती जागा काळजाला भिडते. हेडफोन लावून तेवढाच तुकडा तीन-चार वेळा ऐका.

मग १९५९ च्या गर्शविन साँगबुकमधलं (गर्शविन बंधूंच्या गाण्यांचा अल्बम) ‘द मॅन आय लव्ह’. मुख्य गाणं ३२ बारांचं (बार म्हणजे तालाचं एक छोटं आवर्तन), आठ-आठचे चार भाग: अ अ ब अ, ‘ब’ची चाल वेगळी. प्रत्येक बारात चार मात्रा, बोटांवर मोजता येतात. ‘ब’ कुठे सुरू झाला ते कळलं की अर्धं काम झालं.

त्यानंतर १९६० ची बर्लिनची मैफल. ‘मॅक द नाइफ’चे शब्द मधेच विसरली, तर तिने तालात राहून जागच्या जागी नवे रचले! आणि ‘हाऊ हाय द मून’मधला स्कॅट आता नीट उलगडेल.